गिरणीसमोर

आमच्या नात्यात लग्न असलं आणि मी मांडवात शिरलो की लोक आधी माझ्या हाताकडं बघतात. आहेर म्हणून मी हेल्मेट देतो. नवऱ्याला एक, नवरीला एक, आणि त्यावर खरं हेल्मेट कसं ओळखायचं याचं पाच मिनिटांचं व्याख्यान फुकट. एका भाच्यानं तर माझ्या आहेरात कोंबडी उबवायला बसवली होती. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा ती मान वर काढून माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच तिच्या जागेत आलोय. कोंबडी तरी सुरक्षित आहे, एवढं समाधान मानून मी चहा पिऊन परतलो.

मी डॉक्टर आहे, पण नाडी बघणारा नाही. माणसं रस्त्यावर कुठं मरतात, कशी मरतात आणि का मरतात हे मोजायचं, नकाशावर मांडायचं, आणि पुढची मरू नयेत म्हणून काय करावं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. माझी मोठी बहीण, आक्का, पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायची, "हा आमचा डॉक्टर. ताप उतरवत नाय, रस्ता मोजतो." पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत मी अर्ज करकरून गतिरोधक बसवून घेतला, आणि त्यावरून पहिला कोण पडला असेल तर मीच. गुडघा धुताना बायको म्हणाली, "चला, उद्घाटन तरी झालं."

असले किस्से मी घरात रंगवून सांगतो. मला तेवढंच चांगलं येतं. हा मात्र मी आजवर कुणाला रंगवून सांगितला नाही, कारण यात हसण्यासारखं फार थोडं आहे. आक्काच्या दारासमोरची रस्ता ओलांडायची वाट माझ्या लिहिण्यामुळं बंद झाली. त्यापायी तिचा नवरा गेला. आणि हे तिला सांगायला मला सात महिने लागले.

आक्का आणि दाजी शहराबाहेरच्या एका गावात पिठाची गिरणी चालवायचे. गावाचं नाव लिहीत नाही. तसली गावं आता प्रत्येक रस्त्यावर आहेत, ज्यांच्या मधून रस्ता गेला आणि अर्धं गाव इकडं, अर्धं तिकडं राहिलं. रस्ता आधी साधा होता. मग चौपदरी झाला, मधे डिव्हायडर आला. गिरणी अलीकडं आणि निम्मी गिऱ्हाइकं पलीकडं. पण गिरणीच्या बरोबर समोर डिव्हायडरला एक कट ठेवला होता, तिथून माणसं, सायकली, बैलगाडी, सगळं आरपार जायचं. पलीकडच्या बाया डोक्यावर दळणाचा डबा घेऊन यायच्या, दळण होईस्तोवर ओट्यावर गप्पा मारायच्या आणि पीठ घेऊन परत जायच्या.

त्या पट्ट्यात अपघात फार होतात म्हणून आमच्याकडं अभ्यासाचं काम आलं. मी हौसेनं घेतलं. बहिणीचं गाव, बसायला सावली, वर चहा. आमची माणसं गिरणीच्या ओट्यावर खुर्च्या टाकून गाड्या मोजायला बसली. मीही अधूनमधून जाऊन बसायचो. दाजी आतून यायचे तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं असायचं. पंचावन्नचा माणूस ऐंशीचा दिसायचा, आणि हसला की पुन्हा पंचावन्नचा व्हायचा.

"काय मोजायलात डॉक्टरसाब?"

"गाड्या, दाजी."

"मोजून काय करता?"

"लिहितो."

"मंग हे बी लिवा. कितीबी जोरात येऊ द्या, गिरणीपाशी गाडी हळू व्हतीच. बाया दिसत्यात, डबे दिसत्यात, ड्रायव्हर आपोआप पाय काढतो. इथं काय व्हत नाय. व्हतं ते फुडं."

मी हसलो. मोजणीच्या तक्त्यात वाहनाचा प्रकार, वेळ आणि दिशा असे रकाने होते. ड्रायव्हर पाय काढतो हे लिहायला रकाना नव्हता. म्हणून लिहिलं नाही.

आता माझ्या धंद्याची थोडी गोष्ट सांगावी लागेल. अपघात कुठं झाला हे आम्ही बघायला जात नाही. आम्ही पोहोचतो तेव्हा तो होऊन वर्षं उलटलेली असतात. आम्ही पोलिसांचे पंचनामे वाचतो. त्यात घटनास्थळ लिहिलेलं असतं. ते वाचायचं, नकाशावर तिथं लाल टिंब लावायचं. टिंबं जिथं दाटीनं पडतील ती जागा धोक्याची. त्या रस्त्याचे बरेच पंचनामे मी स्वतः वाचले. त्यात वारंवार एकच शब्द यायचा: गिरणीसमोर. गिरणीसमोर रोडवर. गिरणीजवळ. माझ्या बहिणीच्या गिरणीवर टिंबावर टिंब चढत गेलं आणि शेवटी तिथं लाल डागच झाला, गोवर आल्यासारखा. मी त्या नकाशाकडं बघून चक्क घाबरलो. रोज जिथं बहीण-मेहुणा उभे असतात तीच जागा एवढी वाईट? मग मी ठामपणे लिहून दिलं: गिरणीसमोरचा कट बंद करावा. लिहिताना मला वाटत होतं, मी आपल्या माणसांना वाचवतोय.

महिन्याभरानं दाजींचा फोन आला.

"डॉक्टरसाब, आमच्या दारात भित घातली की हो."

"सुरक्षेसाठी असतं ते दाजी. थोडे दिवस त्रास होतो, मग सवय लागते."

"व्हय, पण हे सुचलं कुणाला?"

"वरून आलं असेल," मी म्हणालो.

ते वर म्हणजे माझं टेबल होतं. पण मेहुण्याला कसं सांगणार? आज ना उद्या सांगू असं ठरवलं. त्याला सवय लागली की सांगू. मग तोच म्हणेल, बरं केलंत. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला किती छान मुदत देतो बघा.

पलीकडच्या बायांना डबा डोक्यावर घेऊन डिव्हायडर चढता येईना. पुढचा वळसा पार पुलाच्या पलीकडं होता, म्हणजे चालत जायचं तर दळणापेक्षा वाट जड. म्हणून दाजींनी जुनी स्कूटर काढली. पलीकडून दळण आणायचं आणि पीठ पोचवायचं. येताना ते पुलापलीकडच्या वळशानं सरळ यायचे. जाताना मात्र दुसऱ्या टोकाच्या लांबच्या वळशाला न जाता पुलाकडं कडेकडेनं उलट दिशेनं जायचे, जसं सगळं गाव जायला लागलं होतं. कडेला मातीची पट्टी होती, त्यावरून जमायचं. फक्त पुलावर ती पट्टी संपायची. तिथं दहा-बारा पावलं डांबरावर यावंच लागायचं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी.

एके दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. फोन गावातल्या पंक्चरवाल्या चाचांचा. त्यांचं दुकान गिरणीच्या बरोबर समोर, पलीकडं. "साब, आप जल्दी आओ. दाजी को टेंपो लग्या."

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा आक्का बाकड्यावर बसलेली होती. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आली होती. कोपरापर्यंत हातावर पीठ तसंच. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "हेल्मेट घातलं व्हतं रे त्यांनी. तू दिलेलं." जसं काही मी त्याबद्दलच विचारायला आलो होतो. तिला वाटलं असेल, मी आधी तेच विचारीन. हेल्मेट शाबूत होतं. मार छातीला होता.

यानंतर मी जे केलं ते लिहिताना आजही कान गरम होतात.

आमच्याकडं पुण्यानुमोदनाला त्रिशरण, पंचशील झालं की जमलेल्यांपैकी चार माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. कुणी आठवण सांगतं, कुणी गुण सांगतं. विहारात पांढऱ्या कपड्यांत सगळं गाव बसलेलं. मेणबत्त्या लावून झाल्या. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, तुम्ही बोला. तुम्ही शिकलेले." आणि मला बोलायला कुणी सांगितलं की मी उठतोच, हे घरातलं लहान मूलही जाणतं. मी दाजींच्या स्वभावाबद्दल दोन वाक्यं बोललो. मग जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं गेली. म्हणालो, "दाजींसारख्या जाणत्या माणसानंही उलट दिशेनं गाडी घातली. दोन मिनिटं वाचवायला गेलो की आयुष्य जातं. त्यांच्या या चुकीतून आपण शिकलो, तर तीच खरी आदरांजली."

सगळे गप्प होते. मला वाटलं, परिणाम झाला.

मागून एक म्हातारी, पलीकडच्या बाजूची, दळणाला येणाऱ्यांतली, बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग कुठून यायचं व्हतं त्यानं? उडून?"

कुणी तिला गप्प केलं. आक्का पदर डोक्यावरून पुढं ओढून खाली बघत होती. मी खाली बसलो. गाडीत पुंडलिकनगर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आज तरी नको होतं."

महिन्याभरानं आक्कानं एक गोष्ट मागितली. आयुष्यात तिनं माझ्याकडं फारसं काही मागितलेलं नाही. "मला जागा दाखव," ती म्हणाली. "ते कुठं पडले ते मला कुणी सांगत नाय. विचारलं की गडी माणसं म्हणत्यात, जाऊ दे वहिनी. मला बघायचंय."

मी म्हणालो, त्यात काय, पंचनाम्यात असतं. नक्कल मिळवली आणि गिरणीत जाऊन मोठ्या माणसासारखा चष्मा लावून वाचून दाखवली. घटनास्थळ: गिरणीसमोर, रोडवर.

आक्का माझ्याकडं बघतच राहिली.

"गिरणीसमोर?"

"असं लिहिलंय."

"अरे, मी गिरणीत व्हते. शटर उघडं व्हतं. तोंड रस्त्याकडं करून मी दळत व्हते. माझ्यासमोर पडले असते तर मला दिसलं नसतं व्हय?"

मी कागदाची घडी घातली. तिला म्हणालो, लिहिणाऱ्याची काहीतरी गडबड असेल, बघतो. आणि गाडीनं वळसा घालून पलीकडं चाचांकडं गेलो. चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"चाचा, दाजी कुठं पडले?"

"पुलिया पे, साब. उधर. मैं ही तो उठाया उनको."

"मग पंचनाम्यात गिरणीसमोर कसं?"

चाचांनी ट्यूब बाहेर काढली. "साब, हवालदार मेरेकूच पूछ रहा था, क्या लिखू. इधर निशानी क्या है? झाडां काट दिये. मील के पत्थर उखाड दिये. ये गिरणीच एक बची. सब का गिरणीच लिखते."

सब का.

मी तिथंच त्यांच्या स्टुलावर बसलो. हवालदाराला मी दोष देत नाही. त्याला कोर्टात सांगता येईल अशी एक खूण लागते, आणि रस्ता रुंद करताना बाकीच्या खुणा रस्त्यानं खाल्ल्या होत्या. पण मला? हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. कागदावरची जागा म्हणजे खरी जागा असं धरून चालू नका, जाऊन विचारा. आणि मी स्वतः त्या ओट्यावर दिवसच्या दिवस चहा पीत बसलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत तिथं एकही अपघात झाला नव्हता. मेहुण्यानं तोंडानं सांगितलं होतं, इथं काय व्हत नाय. मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, मेहुण्यावर ठेवला नाही, कागदावर ठेवला.

नंतर मी जुने पंचनामे काढले आणि एकेका घरी जाऊन विचारलं. कुणाचा माणूस पुलावर गेला होता, कुणाचा ढाब्याच्या वळणावर, कुणाचा विहिरीपाशी. खरोखर गिरणीसमोर गेलेले अगदी थोडे निघाले. नकाशावरचा लाल डाग विरघळून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पांगला. कट होता तिथं गाड्या हळू होत होत्या. मी तो बुजवला आणि सगळ्या गावाला पुलाकडं ढकललं. त्यात माझा मेहुणाही होता.

आक्काला सांगायला हवं होतं. ठरवून निघायचो. प्रत्येक वेळी केळी घेऊन जायचो, का कोण जाणे. बसायचो. ती आता एकटीच गिरणी चालवायची, नाकातोंडाला फडकं बांधून. मी म्हणायचो, "आक्का, एक सांगायचंय." ती म्हणायची, "बोल." आणि मी म्हणायचो, "पट्टा बदलून घे, जुना झालाय." एकदा तर तिला मुतखड्यावर काय खावं ते सांगून आलो. तिला मुतखडा नाही, मलाही नाही. बायको घरी विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, आज गिऱ्हाईक होतं. शेवटी तिनं केळ्यांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "आज रिकाम्या हातानं जा. हातात काही असलं की तुम्ही तेच देऊन परत येता."

गेलो. दुपार होती. गिरणी चालू होती, एका बाईचं दळण पडत होतं. ती बाई पीठ घेऊन जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणालो, "आक्का, गिरणी बंद कर."

तिनं बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला. एकदम इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत आला.

मी सगळं सांगितलं. पंचनामे, टिंबं, नकाशा. मधे कुठं थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा पट्ट्यावर गेलो असतो. तिनं तोंडावरचं फडकं काढलं नव्हतं, त्यामुळं मला फक्त डोळे दिसत होते.

"म्हंजी तो कट तू बंद केलास."

"मी लिहून दिलं. बंद त्यांनी..."

"तू केलास."

"हो."

"आन् विहारात सगळ्यांसमोर तू म्हणलास, चूक त्यांची."

"हो. तेव्हा मला माहीत नव्हतं, आक्का."

"कट तू बंद केलास हे माहीत व्हतं की."

ते मला माहीत होतं. मी विहारात उभा होतो तेव्हाही माहीत होतं. आपण बरोबर केलं असं मला वाटत होतं, एवढंच.

तिनं विचारलं, "त्यांना माहीत व्हतं का? तू केलंस म्हणून?"

"नाही. मी सांगितलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला लई कौतुक सांगायचे तुझं. आमचा मेव्हणा असा, आमचा मेव्हणा तसा."

मग तिनं फडकं सोडलं, हात झटकले, शटर अर्ध्यावर ओढलं. "ऊठ. जागा दाखव."

आम्ही दाजींच्या वाटेनं निघालो, रस्त्याच्या कडेनं, मातीच्या पट्टीवरून. ती पुढं, मी मागं. समोरून ट्रक यायचे तेव्हा हवेचा झोत अंगावर आदळायचा आणि तिचा पदर उडायचा. पुलाशी पट्टी संपली. मी म्हणालो, "इथं." तिथं काहीच नव्हतं. कठड्याला खरचटल्याची खूण होती, पण ती कुणाची कोण सांगणार. आक्का कठड्याच्या टोकाला मातीत बसली. मी उभाच. तिनं मान वळवून गावाकडं बघितलं.

"इथून गिरणी दिसती."

"हो."

"आवाज येत असंल?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "येतो," म्हणालो. "सकाळी वारा तिकडून असतो."

"मंग मी दळत व्हते ते ऐकू आलं असंल त्यांना."

आम्ही तिथं किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही, मोजणं हा धंदा असून. उठताना तिनं माझा हात घेतला नाही. विचारलं, "तुझ्या कागदात त्यांच्याबद्दल काय लिवलंय?"

आमच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. दाजींच्या नावासमोर काय होतं ते मला पाठ होतं: चालकाची चूक, विरुद्ध दिशेनं वाहन चालवणे. मी तेच सांगितलं.

"ते काढ."

आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी त्या पुलावर, त्या बाईला, नियम समजावून सांगायला लागलो. झालेली नोंद काढता येत नाही आक्का, दुरुस्ती करता येते, त्याला कारण जोडावं लागतं, वरिष्ठांची सही लागते. ती माझं सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मंग बरोबर लिव. इतकं कर. माझा माणूस गेला तो गेला. चुकला म्हणून गेला असं राहू द्यायचं नाय."

ती एकटी परत गेली. मला मागं येऊ नको म्हणाली नाही, पण तिच्या चालण्यावरून कळलं.

मी लिहिलं. पहिल्यांदा नकाशाची दुरुस्ती: कुठली टिंबं चुकली, का चुकली आणि ती कुणी लावली. कुणी लावली यासमोर माझं नाव. वरिष्ठ म्हणाले, एवढं लिहायची गरज आहे का? म्हणालो, आहे. मग दाजींची नोंद. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: गावासमोर रस्ता ओलांडायला जागा नव्हती, पुलावर कडेची पट्टी संपते. सही झाली त्या दिवशी आक्काला फोन केला आणि वाचून दाखवलं. पलीकडून "हं" असं ऐकू आलं आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बायकोशी बोलायची. तब्येत विचारायची, लोणच्याच्या कैऱ्या पाठवायची. माझ्याबद्दल विचारायची नाही. घरात किस्से सांगणं माझं आपोआप बंद झालं. पोरांना आधी बरं वाटलं असेल, नंतर त्यांनाही चुकल्यासारखं व्हायला लागलं.

कट पुन्हा उघडायचा आणि पुलावर पट्टी वाढवायची, तर नव्यानं मोजणी हवी असं वरून कळलं. या वेळी खरोखरच वरून. मोजणी म्हणजे पुन्हा गिरणीचा ओटा. बायकोनं फोन करून आक्काला विचारलं. निरोप आला: बाकीच्यांनी खुशाल बसावं. त्यानं पलीकडं बसावं.

म्हणून मी पलीकडं, चाचांच्या दुकानात बसलो. समोर चार पदर, मधे डिव्हायडर, आणि त्यापलीकडं गिरणी. आक्का आत-बाहेर करताना दिसायची. आमच्या माणसांना तिनं चहा दिला, मला दिसेल असा दिला. मी गाड्या मोजत होतो आणि माणसंही मोजत होतो, डिव्हायडर चढून जाणारी. त्यासाठी या वेळी रकाना करून घेतला होता. चाचा म्हणाले, "साब, इत्ते दिन से मैं देख रा, तुमने आज देखे."

दुपारी आमच्यातल्या एकीचा फोन आला, तक्ते संपले, तुमच्याकडचे द्या. वळशानं जायचं तर गाडी शहरात दुरुस्तीला होती. चालत पुलापर्यंत जाऊन परत यायचं, किंवा. मी दोन्हीकडं बघितलं, दोन पदर पळत ओलांडले, तक्ते काखेत मारले आणि डिव्हायडरवर पाय टाकला. पन्नाशीच्या पुढचा, पोट सुटलेला, रस्ता-सुरक्षेचा तज्ज्ञ, एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं. वर चढलो तेव्हा कळलं की पलीकडच्या पदरांत काय येतंय ते इथून नीट दिसतच नाही. मधे लावलेली कण्हेर डोळ्यांच्या उंचीची होती. मी उतरायला पाय खाली सोडला.

"अय! थांब!"

आक्का शटरबाहेर आली होती. हात वर करून, पंजा माझ्याकडं. "थांब तिथंच! ट्रक येतोय!"

मी कण्हेरीची फांदी धरून उभा राहिलो. ट्रक गेला. त्यामागं टेंपो गेला, त्यामागं दोन मोटारसायकली. तिनं हात खाली घेतला नव्हता. ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती, पुलाच्या बाजूला. हात वर होता तोवर मी हललो नाही. मग रस्ता मोकळा झाला आणि तिनं हात सोडला.

मी ओलांडून ओट्यापाशी पोचलो तोवर ती आत गेली होती. आतून गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.